नळीचा हिशेब आणि तोंडाचा हिशेब

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला 3 वर्षांच्या मुलीचा आहारतक्ता मी दोनदा वाचला. वजन 12 किलो, पोटातून बसवलेली नळी, तोंडाने मात्र एखादे कुरकुरीत बिस्किटच, आणि कुस्करलेले काही जिभेला लागले की मात्र लगेच उमासा. तक्त्याच्या तळाशी तू 'तोंडाने 60 कॅलरी' असे लिहून 760 मिलिलिटर फॉर्म्युल्याचे, म्हणजे नळीतून द्यायच्या तयार द्रव आहाराचे, 700 केले आहेस. मला त्या एका वजाबाकीबद्दलच लिहायचे आहे. नळीचा हिशेब पोषणाचा आहे आणि तोंडाचा हिशेब शिकण्याचा. निदान सुरुवातीचे काही महिने ते एका वहीत मांडू नयेत, असे माझे मत आहे.

वजाबाकी केली, की ज्या दिवशी बिस्किट खाल्ले जात नाही त्या दिवशी 60 कॅलरी कमी पडल्या, हे आईवडिलांच्या मनात बसते. मग आर्जवे, मग आमिषे आणि शेवटी तोंडाशी चमचा धरून बसणे सुरू होते. ज्या मुलीच्या तोंडाने आजवर श्वासासाठी घातलेली नळी, सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणे) आणि उलट्या एवढेच अनुभवले, तिला तो चमचाही त्याच मालिकेतला वाटतो.

नळीच्या हिशेबात मात्र काटेकोर राहा. ही मुलगी चालत नाही आणि कमी ऊर्जेतही तिचे वजन वाढते आहे, ही तुझी नोंद महत्त्वाची आहे. पण गोम तिथेच आहे. ऊर्जेची गरज कमी झाली म्हणून लोह, कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्वाची गरज त्या प्रमाणात उतरत नाही, आणि फॉर्म्युला कमी केला की ही सारीच एकदम कमी होतात. तिच्या वयाची जीवनसत्त्वे व खनिजे किती मिलिलिटरमध्ये पूर्ण होतात, हे डब्यावरील आकडे शेजारी ठेवून तपास आणि तूट दिसली तर ती पूरक औषधाने भरण्याविषयी डॉक्टरांशी बोल.

पाण्याचा स्तंभ तर तुझ्या तक्त्यात नाहीच. पहिल्या 10 किलोंना किलोमागे 100 मिलिलिटर आणि पुढच्या 10 किलोंना किलोमागे 50, ही 1957 सालची हॉलिडे-सेगर पद्धत आजही पहिल्या अंदाजासाठी वापरली जाते. त्यानुसार 12 किलोंसाठी दिवसाला सुमारे 1100 मिलिलिटर होतात. मिलिलिटरला 1 कॅलरी देणाऱ्या फॉर्म्युल्यात साधारण 85 टक्के पाणी असते, म्हणजे 700 मिलिलिटरमधून तिला 600 च्या आसपासच मिळते. उरलेले सुमारे 500 मिलिलिटर नळी धुताना, औषधांसोबत आणि फीडच्या मधल्या वेळेत गेले पाहिजे. तिची कमी हालचाल पाहता हा आकडा थोडा खाली येऊ शकेल, पण लघवीचा गडद रंग आणि घट्ट शौच तूच नोंदवले आहेस. बद्धकोष्ठता असलेल्या मुलाला अनेकदा भूक कमी लागते, त्यामुळे तोंडाच्या बाजूचे अर्धे काम कधीकधी इथेच अडलेले असते.

आता पोताविषयी. गिळण्याची तपासणी निर्धोक आल्याचे तुझ्या टिपणात आहे, म्हणूनच पुढचे लिहिते. ते नसते तर स्पीच थेरपिस्टच्या परवानगीवाचून घासभरही देऊ नकोस, असे सांगितले असते. आयडीडीएसआय या घट्टपणा आणि पोत ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत पेये आणि अन्न यांच्या 0 ते 7 अशा पातळ्या आहेत, आणि तू तिला त्या पायऱ्यांप्रमाणे खालून वर चढवू पाहते आहेस. ती मोजपट्टी मुख्यतः गिळण्याच्या सुरक्षिततेसाठी आहे, आवडीनिवडीसाठी नाही. कुरकुरीत तुकडा कुठे आहे हे त्याच्या कडेवरून आणि आवाजावरून जिभेला कळते. पातळात लपलेली गुठळी मात्र अचानक भेटते, म्हणून मिश्र पोत सर्वांत अवघड जातो. तेव्हा तिच्या बिस्किटापासूनच निघ. आधी आकार बदल, मग चव, आणि पुष्कळ दिवसांनी त्याच्या टोकाला गुळगुळीत पदार्थाचा पातळ थर. तिने तो पुसून टाकला तरी चालेल. चावण्याचे अन्न योग्य काळात न मिळाल्यास मुलांना पुढे ते स्वीकारणे कठीण जाते, हे इलिंगवर्थ आणि लिस्टर या संशोधकांनी 1964 सालीच मांडले होते. 'ती हट्टी आहे' असे म्हणणाऱ्या आजोबांना एवढे जरूर समजावून सांग.

दुपारचा फीड घरच्यांच्या जेवणाआधी 45 मिनिटे संपतो, म्हणजे ती पोट भरूनच ताटाशी बसते. वैद्यकीय अडचण नसेल तर तो सर्वांच्या जेवणासोबत सुरू कर, म्हणजे तोंडाशी अन्न आणि पोटात भरल्याची जाणीव एकाच वेळी येईल.

वजाबाकीची वेळ येईलच. सलग काही आठवडे ती रोज, न सांगता, जवळपास सारखेच खाऊ लागली की डॉक्टरांच्या संमतीने थोडा फॉर्म्युला कमी करावा आणि दर आठवड्याला वजन पाहावे. 100 मिलिलिटर कमी केल्यास सुमारे 85 मिलिलिटर पाणी वेगळे द्यावे लागेल, आणि बिस्किटाने ऊर्जा भरून आली तरी लोह भरून येत नाही.

तूर्त ते 60 मिलिलिटर परत घाल आणि वजनवाढीचा वेग पाहत राहा. पुढच्या तक्त्यात पाण्याचा स्तंभ असू दे; तोंडाच्या बाजूला कॅलरी न लिहिता तिने काय हातात घेतले, काय ओठांना लावले आणि काय थुंकून टाकले, एवढेच लिहून पाठव.