युनियन बांधताना आधी साहेब ओळख
मित्रा, महापे एमआयडीसीत युनियन बांधतोयस, ऐकून बरं वाटलं. ओरडणाऱ्या मॅनेजरला घाबरू नकोस. त्याच्यामुळे पोरं उलट एकत्र येतात. जपायचं ते गोडबोल्यापासून. तो एकेकाला केबिनमध्ये बोलावतो, चहा पाजतो, सुपरवायझरपद दाखवतो. आमची पहिली फळी अशीच फुटली, अजून सलतं. कुणी साहेब स्वतःच्या खिशातली, त्याच्याच तालावर नाचणारी युनियनच उभी करतो. सरळ मागणीपत्र मागणाराही भेटतो. त्याच्याशी सरळच वाग.

सध्या एवढंच सांभाळ:
- केबिनमध्ये एकट्याने जायचं नाही.
- कोऱ्या कागदावर सही नाही.
- नोंदणीला १० टक्के कामगार किंवा १०० जण, यातला कमी आकडा लागतो, पण किमान ७. तोवर सभासदांची यादी बाहेर जाऊ देऊ नकोस. घाईत नावं फुटतात, तीच पहिली चूक.

कोर्टकज्जांचं नंतर बोलू.