दहाव्या क्रमांकाचं नाव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आपल्या रोटरी क्लबाच्या कार्यक्रमासाठी तू पाठवलेली सत्कारमूर्तींची यादी काल रात्री वाचली. अकरा नावं आणि प्रत्येकापुढे एकेक ओळ: 'निःस्वार्थ सेवा', 'अविरत कार्य', 'समाजासाठी झटणारं व्यक्तिमत्त्व'. खाली खर्चाचा अंदाज: शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, फ्लेक्स, पाहुण्यांची गाडी, जेवण. शेवटी तू विचारलंयस, 'काका, काही राहिलंय का?'

राहिलंय. फोनवर तुटक बोलणं होईल म्हणून लिहायला बसलो.

दहाव्या क्रमांकावर तू लिहिलंयस, 'सफाई कामगार (प्रतिनिधी), नाव नंतर कळवते.' बाकी दहा जणांची नावं, हुद्दे, मोबाइल नंबर सगळं आहे. ज्यांची नावं आपल्याला आधीपासून ठाऊक होती त्यांची आहेत, आणि जिचं नाव शोधावं लागणार होतं तिची जागा रिकामी आहे. हा दोष तुझा एकटीचा नाही. मी अध्यक्ष होतो त्या वर्षीची यादीही अशीच होती. पण तुझ्या कार्यक्रमाची खरी सुरुवात त्या रिकाम्या जागेपासून व्हावी असं मला मनापासून वाटतं.

तारीख तू 23 फेब्रुवारी धरलीयस, रोटरीचा स्थापना दिवस म्हणून. चांगलं केलंस. 1905 साली त्या दिवशी शिकागोच्या युनिटी बिल्डिंगमध्ये 711 क्रमांकाच्या खोलीत चार जण जमले: वकील पॉल हॅरिस, खाणींचे इंजिनिअर गुस्टाव्हस लोअर, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील आणि कपडे शिवण्याचा व्यवसाय करणारे हायरम शोरी. ती खोली म्हणजे लोअरचं ऑफिस. पुढच्या बैठका आळीपाळीनं एकेकाच्या जागेत भरू लागल्या आणि त्या फिरतीवरून रोटरी हे नाव पडलं. दर पदग्रहणाला आपण हे ऐकतो, टाळ्या वाजवतो आणि जेवायला उठतो. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की ती माणसं एकमेकांना हॉलमध्ये भेटत नव्हती, ज्याच्या त्याच्या कामाच्या जागी जाऊन भेटत होती.

आणखी एक गोष्ट क्लबातल्या फार थोड्यांच्या लक्षात आहे. 23 फेब्रुवारी हीच गाडगेबाबांची जन्मतारीख. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी जन्मला. बाबा गावात शिरले की आधी हातात झाडू, कीर्तन रात्री. आणि शिकागो क्लबनं शहरासाठी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम कोणतं होतं? सार्वजनिक स्वच्छतागृहं. 1907 साली त्यांनी त्याचा पाठपुरावा सुरू केला. आपल्या क्लबाची वंशावळ तिकडून मोजली काय किंवा इकडून मोजली काय, झाडूपाशीच येते. आणि त्या दिवशीच्या आपल्या यादीत झाडूवालीचं नाव 'नंतर'!

आता माझ्या वर्षाचं सांगतो. हे मी क्लबात कधी बोललेलो नाही.

त्या वर्षी आम्ही स्मशानभूमीत काम करणाऱ्या एका गृहस्थांचा सत्कार केला. कल्पना माझीच. फार अभिमान वाटला होता मला तिचा. संध्याकाळी पाचची वेळ दिली होती. ते पावणेपाचला धुतलेला सदरा घालून आले आणि मागच्या रांगेत बसले. प्रमुख पाहुणे सात वाजता आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा साडेआठ झाले होते आणि निवेदकानं आडनाव चुकीचं वाचलं. शाल अंगावर पडली, फोटो निघाला, ते खाली उतरले. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. खाली ठळक अक्षरांत त्यांचं काम.

चौथ्या दिवशी ते माझ्या मेडिकलमध्ये आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला थांबले. पेपरात गुंडाळलेलं सन्मानचिन्ह काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "शेठ, हे इथंच राहू द्या. घरात ठेवायला जागा नाही." मी आग्रह केला, तेव्हा हळूहळू सगळं कळलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं. वडील नगरपालिकेत आहेत एवढंच पलीकडच्या मंडळींना सांगितलेलं होतं. पेपर तिथंही गेला.

लग्न पुढे झालं, मुलगी सुखात आहे. पण ते सन्मानचिन्ह अजून माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहे. त्या माणसाला मी एक प्रश्न विचारला असता तर हे टळलं असतं: 'तुमचा सत्कार केलेला तुम्हाला चालेल का, आणि कसा चालेल?' मी धरूनच चाललो होतो की आपण मान देतोय म्हणजे समोरच्याला तो हवाच असणार. ज्या कामाला समाज नाक मुरडतो त्या कामाचा जाहीर गौरव करताना ती नाकं अजून जागच्या जागीच असतात, हे मला सुचलंच नाही.

म्हणून सांगतो, अकरांची यादी तीनवर आण. अकरा नावं एका संध्याकाळी घेतलीस तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात, आणि चार मिनिटांत माणूस कळत नाही, नुसता दिसतो. त्या तिघांकडे कार्यक्रमाच्या आधी जा. घरी नको, कामाच्या वेळेला कामाच्या जागी जा. वही ने. फोटो पहिल्या भेटीत काढूच नकोस.

तिथं गेलीस की मानपत्र आपोआप लिहिलं जाईल. तुझ्या यादीत वायरमन आहे, त्याच्यापुढे तू 'जिवाची पर्वा न करता' लिहिलंयस. ते खोड. मी त्याला काम करताना पाहिलंय. तो सबस्टेशनकडून परमिट मिळाल्याशिवाय पोलला हात लावत नाही. लाइन बंद झाल्याची खात्री करतो, तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवायला डिस्चार्ज रॉड लावतो, अर्थिंग टाकतो आणि मगच चढतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात आपला अर्धा गाव अंधारात होता, लोक शिव्या देत होते, तरी डीपी, म्हणजे तिथला ट्रान्सफॉर्मर, पाण्यात असेपर्यंत त्यानं तो फीडर, म्हणजे ती वीजवाहिनी, चालू होऊ दिला नाही. किती जीव त्यामुळे वाचले ते मोजता येत नाही, म्हणून त्याचं कौतुकही झालं नाही. त्याच्या मानपत्रात हे यायला हवं. हातमोज्यांशिवाय पोलवर चढणाऱ्याला आपण व्यासपीठावरून 'शूर' म्हटलं की पुढच्या पोरालाही तसंच चढावंसं वाटतं, आणि हातमोजे का मिळाले नाहीत हे कुणी विचारत नाही.

मानपत्राची एक परीक्षा मी स्वतःसाठी ठरवलीय. लिहून झालं की त्यातलं नाव झाकायचं आणि दुसऱ्या कुणाचं नाव घालून वाचायचं. तरीही ते चपखल बसलं तर कागद फाडायचा. आणखी एक, 'असूनही' हा शब्द गाळायचा. 'अल्पशिक्षित असूनही', 'गरिबीत असूनही', 'महिला असूनही'. त्या एका शब्दात आपण माणसाला वर उचलता उचलता आधी खाली ढकलतो. 'तळागाळातील' हाही नको. त्यांच्यासमोर उभं राहून तो शब्द मोठ्यानं वाचून बघ, तुझा तुलाच उच्चारवणार नाही.

आशाताईंचं, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविकेचं, नाव तुझ्याकडे आहे, त्याचा आनंद झाला. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा सेविकांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. आपल्या तालुक्यातल्या ताई त्या दिवशीही नेहमीसारख्या गरोदर बाईच्या नोंदी घेत फिरत होत्या. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. म्हणून त्यांचा अर्धा दिवस कार्यक्रमासाठी घेताना विचार कर. वेळ त्यांना विचारून ठरव, पाहुण्यांना विचारून नको. घरच्या माणसांना आणायला गाडी पाठव, पहिल्या रांगेत बसव. सत्कारमूर्ती व्यासपीठावर आणि आपण पदाधिकारी खाली, असं एकदा करून बघ. गळ्यात पदाची कॉलर घातलेल्या अध्यक्षांना खाली बसवणं जड जाईल, पण मी बोलेन त्यांच्याशी. पाहुण्यांना शेवटची दहा मिनिटं दे. सत्कार आधी.

भेट काय द्यावी? गमबूट, रेनकोट, हातमोजे देऊ या असं कुणीतरी सुचवेलच. माझं मत वेगळं आहे. त्या वस्तू कामगाराला कामावरच मिळायला हव्यात. गटार साफ करायला माणसाला साधनांशिवाय उतरवणं तर 2013 च्या कायद्यानं बंदच केलंय. जे हक्काचं आहे ते बक्षीस म्हणून हातात ठेवलं की देणाऱ्याचं नाव होतं आणि ज्यानं द्यायचं होतं तो सुटतो. गमबुटांसाठी क्लबाच्या लेटरहेडवर नगरपालिकेला पत्र लिही, पोच घे, पाठपुरावा कर. हे फ्लेक्सवर छापण्यासारखं काम नाही, पण तुझ्या वर्षातलं सगळ्यात टिकाऊ काम ठरू शकेल. आणि सत्काराची भेट म्हणून त्या माणसाला आवडेल असं काहीतरी दे. एखादीला पैठणीच्या पदराची पर्स हवी असेल तर ती दे. गरजूला गरजेचंच द्यावं असा नियम आपल्याला कुणी लावत नाही, मग त्यांना आपण का लावायचा?

आता क्लबाच्या आतलं थोडं. तुझ्या यादीत आपल्यातला एकही जण नाही. संकोच वाटला असेल, आपल्याच माणसाचं कौतुक कसं करायचं म्हणून. पण दर वर्षी आपण मोठ्या देणगीदारांना पिन लावतोच की! ते लावू नये असं मी म्हणत नाही, पैशाशिवाय काही होत नाही. मी सांगतोय ते आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानवाल्या मित्राबद्दल.

देशभर पल्स पोलिओ डिसेंबर 1995 मध्ये सुरू झाला, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. रविवारी बूथ लागायचे, लस पाजली की बाळाच्या डाव्या करंगळीला शाईची खूण करायची. बूथवर फोटो काढायला आम्ही सगळे असायचो. संध्याकाळी बूथ उठले की हा मित्र स्वतःचा पिकअप काढायचा, लस थंड ठेवणाऱ्या व्हॅक्सिन कॅरिअरमधले आइसपॅक बदलून घ्यायचा आणि नर्सबाईंना घेऊन कारखान्याच्या रानात निघायचा. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या दिवसभर फडात असत, त्यांची पोरं सापडायची ती रात्री कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर. आज एका गावात फड, परवा दुसऱ्या. कागदावरच्या कुठल्याच यादीत ती पोरं नसत. हा मुकादमाला फोन करून टोळी कुठं उतरलीय ते शोधत जायचा. नंतर वीटभट्ट्या. डिझेल त्याचं, वेळ त्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान वेळेवर उघडं.

भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या आठवड्यातल्या मीटिंगला आम्ही केक कापला. तो खुर्च्या लावत होता. मी तिथंच होतो आणि मला त्याला बोलवायचं सुचलं नाही. इतक्या वर्षांनी याची टोचणी आहे.

त्याला आता गुडघ्यांचा त्रास आहे, मीटिंगला क्वचित येतो. त्याच्या दुकानात जा. पिकअपच्या गोष्टी त्याला विचार, लिहून घे, बुलेटिनमध्ये सविस्तर छाप. त्याच्या बायकोलाही विचार, कारण त्या रात्री जेवण झाकून ठेवून जागी राहायची ती. माझ्या माहितीत हे कुठंच लिहिलेलं नाही आणि आमच्यापैकी ज्यांनी ते पाहिलंय ते एकेक करून कमी होताहेत. तुझ्यासारखी तरुण मुलगी ते विचारायला आली तर तो आधी नाही म्हणेल. दुसऱ्यांदा जा.

कार्यक्रम झाल्यावर महिनाभरानं तिघांकडे पुन्हा एक फेरी मार, काही कारण नसताना. मी त्या गृहस्थांकडे तसा गेलो नाही. जायला हवं होतं.

राहिला दहावा क्रमांक. आपल्या प्रभागातल्या झाडूवाल्या बायकांची हजेरी सकाळी सहाला जुन्या दवाखान्याच्या भिंतीपाशी लागते. मुकादम नावं पुकारतो. आपल्या मेन रोडचा पट्टा कुणाकडे आहे ते तिथं कळेल, आणि ती तिचं नाव जसं सांगेल तसंच वहीत लिहायचं. गुरुवारी साडेपाचला गाडी घेऊन ये. हॉर्न वाजवू नकोस, तुझी काकू झोपलेली असते. मी खाली फाटकात उभा असेन.

तुझा,
काका