मुलगी म्हणते हातोडाच फेकणार, शाळा सोडते. काय करू?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. मुलगी 15 वर्षांची, दोन वर्षं गोळाफेक करतेय, गणित आणि फिजिक्स चांगलं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची महिला हातोडाफेकीची (तारेला जोडलेला लोखंडी गोळा गरगर फिरवून फेकायचा खेळ) फायनल बघितली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही, आता म्हणते शाळा बंद, फुलटाइम ट्रेनिंग. तुमचे प्रश्न तीन: यात पोट भरतं का, मुलगी पुरुषी दिसायला लागेल का, आणि ती हॉलमध्ये पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून गरगर फिरते ते चालू द्यायचं का.

आधी हे सांगते की तिला जे आवडलं ते उगाच नाही आवडलं. त्या फायनलमध्ये कॅनडाच्या कॅमरीन रॉजर्सने 80.51 मीटर फेकला, जगात त्याच्यापुढे फक्त एकच बाई गेलीय, पोलंडची अनिता व्लोदार्चिक, तिचं 82.98 हे 2016 पासून रेकॉर्ड आहे. मुलीचं फिजिक्स चांगलं आहे म्हणालात ना, मग तिला एक हिशोब करायला सांगा: हवेचा विरोध सोडून दिला आणि 45 अंशात फेकला असं धरलं तरी 80 मीटरसाठी हातोडा सुटताना किती स्पीड लागेल? सेकंदाला 28 मीटर येईल, म्हणजे ताशी 100 किलोमीटर. आणि 4 किलोचा गोळा तारेच्या टोकाला त्या स्पीडने फिरत असताना हाताला जो ओढ देतो तो दीडशे किलोच्या वर जातो. हे सगळं 2.135 मीटरच्या सर्कलमध्ये, तीन-चार टर्नमध्ये. म्हणून हा नुसत्या ताकदीचा खेळ नाहीच, दंडाने ओढायला गेलं की गेलं काम, सगळं पायात आणि तोलात आहे.

दुसरा प्रश्न इथेच उडवते. वेट ट्रेनिंगने मांड्या, पाठ, खांदे भरतात, हो. त्याला पुरुषी म्हणायचं की दणकट, ते बघणाऱ्याच्या नजरेवर आहे, आणि ती नजर घरातच असेल तर बदलायला सोपी. पुढे.

आता मेन मुद्दा, शाळा. तुम्ही दोघी "हातोडा की शिक्षण" यावर भांडताय आणि मला वाटतं हा प्रश्न आज विचारायचाच नाहीये. हा इव्हेंट उशिरा पिकतो. रॉजर्सने बाराव्या वर्षी सुरुवात केली, पहिलं वर्ल्ड टायटल 2023 ला बुडापेस्टमध्ये, तेव्हा ती 24 ची. मधली वर्षं काय करत होती? अमेरिकेत बर्कलीच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती, तिथूनच तिथली कॉलेज चॅम्पियनशिप तीनदा जिंकली आणि स्टुडंट असतानाच ऑलिम्पिक फायनलला पाचवी आली. व्लोदार्चिकने तिसरं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं तेव्हा ती 35 वर्षांची होती, आणि एकाच वैयक्तिक इव्हेंटमध्ये लागोपाठ तीन ऑलिम्पिक गोल्ड ॲथलेटिक्समध्ये त्याआधी कुठल्याही बाईने घेतली नव्हती. मग 15 व्या वर्षी शाळा सोडून वाचणारे दिवसाचे सहा तास ती घालवणार कुठे? या वयात सर्कलमध्ये दोन तास नीट झाले तरी पुष्कळ, त्यापुढे थकून फेकलेला हातोडा चुकीची सवयच लावतो.

ती तुम्हाला कामिला स्कोलिमोव्स्काचं उदाहरण देईल, मुली देतातच. सिडनी 2000 ला महिलांचा हातोडा पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला आणि 71.16 मीटर फेकून गोल्ड नेलं 17 वर्षांच्या मुलीने. खरं आहे. पण तेव्हा इव्हेंट कोवळा होता, वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येसुद्धा तो 1999 लाच आला. टोकियोला ब्राँझसुद्धा 77.10 ला गेलं. त्यामुळे आता 17 व्या वर्षी गोल्ड वगैरे डोक्यातून काढा, 18 खालच्या मुलींना हातोडाच 3 किलोचा असतो, 4 किलोचा त्यानंतर. म्हणजे तिची खरी परीक्षा सुरूच व्हायचीय.

पोट भरतं का? खरं सांगू, फेकून फार थोड्यांचं भरतं. वर्ल्ड चॅम्पियनशिपला पहिलीला 70 हजार डॉलर आणि आठवीला 5 हजार, आणि ती दोन वर्षांतून एकदा. डायमंड लीग, म्हणजे दर सीझनला वेगवेगळ्या देशांत होणारी ॲथलेटिक्सची मोठी मालिका, तिच्या ठरलेल्या इव्हेंट्समध्ये हातोडा नाहीच, म्हणजे धावणाऱ्या आणि उड्या मारणाऱ्या मुलींना दर सीझनला जे स्टेज मिळतं ते हिला मिळणार नाही (मला हे अन्यायाचं वाटतं, पण माझ्या वाटण्याने काही होत नाही). बहुतेक जणी स्कॉलरशिप, सरकारी मदत, नोकरी असं जोडूनच चालवतात. आणि नोकरीला शिक्षण लागतं, झालं, फिरून तिथेच आलो.

पण याच खेळाच्या आजूबाजूला काम बरंच आहे आणि फिजिक्सवाल्या मुलीला तर जास्तच. बायोमेकॅनिक्स, म्हणजे रिलीजचा स्पीड, अँगल, टर्नमध्ये पाय किती वेळ जमिनीवर राहतो हे व्हिडिओवरून मोजणारी माणसं. स्ट्रेंथ कोच, फिजिओ, थ्रोचे कोच, टेक्निकल ऑफिशियल. ऑफिशियलचं काम छोटं समजू नका हं, लंडन 2012 ला जर्मनीच्या बेटी हायडलरची 77 मीटरपलीकडची फेक सिस्टीममध्ये नोंदलीच गेली नाही, स्पर्धा संपल्यावर घोळ निस्तरला तेव्हा कुठे तिला ब्राँझ मिळालं. मोजणारं माणूस चुकलं की फेकणाऱ्याची चार वर्षं जातात.

तर करायचं काय. दोन वर्षं द्या, शाळेसकट. पण त्याआधी मैदान स्वतः जाऊन बघा. जाळीचा पिंजरा आहे का, आणि कोणी फेकत असताना बाकीची पोरं सेक्टरमध्ये, म्हणजे हातोडा पडतो त्या पट्ट्यात, रेंगाळतायत का? पिंजरा नसेल तर तिथे हातोडा नाही म्हणजे नाही, मग कोच कितीही मोठा असो. कोचला विचारा की पहिले काही महिने काय करून घेणार. "टर्न, फूटवर्क, हलका हातोडा" असं म्हणाला तर ऐका, "आधी जिममध्ये वजन वाढवू" म्हणाला तर दुसरा बघा. गोळाफेक चालू राहू दे, तिचा फायदाच आहे.

आणि कोणीही दिलेली पावडर-गोळी तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. या इव्हेंटचा इतिहास या बाबतीत फार वाईट आहे. 1999 ची पहिली वर्ल्ड चॅम्पियन रोमानियाची मिहाएला मेलिंते, सिडनीला क्वालिफाइंग सुरू होणार तेवढ्यात तिला मैदानातूनच बाहेर नेलं, डोपिंगची (बंदी असलेल्या औषधांची) टेस्ट पॉझिटिव्ह. लंडनचं गोल्डही रशियाच्या तात्याना लिसेंकोकडून डोपिंगमुळेच नंतर काढून व्लोदार्चिकला दिलं. मुलीला ही दोन नावंसुद्धा माहीत असू देत, नुसती जिंकलेल्यांची नकोत.

तिच्या फेकींची एक वही ठेवा आणि दोन वर्षांनी त्यात बघायचं, मेडल किती ते नाही, फेकीचा आकडा दर सीझनला सरकतोय का आणि पाठ-गुडघे ठीक आहेत का. मग पुढच्या शिक्षणाचं ठरवू, तेव्हा परत लिहा.

राहिली पिशवी. ती आजपासून बंद, बाटल्या सुटल्या तर खिडकी जाईल नाहीतर कोणाचं तरी डोकं. पण फिरणं बंद करू नका. रिकाम्या हाताने किंवा हलकी काठी आडवी धरून, उजव्या हाताची असेल तर डाव्या पायाच्या टाचेवर आणि मग चवड्यावर असे टर्न, एका सरळ रेषेत. फरशीवर खडूने रेघ मारून द्या. चक्कर येईल, पहिले काही दिवस येतेच. रेघ न सोडता चार टर्न सलग आले की त्याचा व्हिडिओ काढून कोचला दाखवा, माझ्या पत्रापेक्षा त्याला तो जास्त उपयोगी पडेल.