क्रोमची पट्टी आणि पावसाळी स्प्रे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, १९५७ च्या शेवरोले बेल एअर गाडीचं १/२५ स्केलचं (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढं) प्लास्टिकचं मॉडेल बनवतोय. बॉडीला लाल लॅकर (झटपट वाळणारा स्प्रे रंग) मारला तर तासाभरात त्यावर पांढुरकी झाक आली, आणि बाजूच्या क्रोमच्या पट्ट्या सिल्व्हर पेंटने रंगवल्या त्या खेळण्यातल्या गाडीसारख्या दिसतायत. सगळं काढून टाकू का? (ठाण्याचे एक वाचक)

उत्तर : नका हो काढू, दोन्ही गोष्टी सुधारता येतात. पांढरी झाक ही पावसाळी हवेची करामत आहे, लॅकरमधलं थिनर भराभर उडतं त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्या ओल्या रंगात बसतं. दोन-तीन दिवस वाळू द्या, २००० नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक वॉटर पेपरने अगदी हलक्या हाताने घासा आणि कोरड्या दिवशी दुपारी पातळ कोट मारा, घाई मात्र नको.

आता पट्ट्या. खरी बेल एअर २०० इंच लांब, म्हणजे तुमचं मॉडेल बरोब्बर ८ इंचांचं, आणि खऱ्या गाडीवरची इंचभर पट्टी तुमच्याकडे जेमतेम १ मिलिमीटर, एवढ्या जागेत सिल्व्हर पेंटचे कण डोळ्यांना दिसतात, त्यामुळे तिथे खरा धातूच हवा. मॉडेलर लोक मागे गोंद असलेली पातळ अॅल्युमिनियम फॉइल वापरतात. पट्टीपेक्षा थोडा मोठा तुकडा कापून पट्टीवर ठेवा, कानातल्या कापसाच्या काडीने मधून बाहेर दाबत जा, मग टूथपिकने कडा बसवा आणि कोऱ्या ब्लेडने पट्टीच्या कडेकडेने कापा. ब्लेड बोथट असेल तर फॉइल फाटते, तेव्हा दर गाडीला नवं ब्लेड घ्या, मी तर एका गाडीला तीन वापरतो.

आणि एक, बेल एअरची पुढची जाळी सोनेरी होती, फेंडरवरचे तीन तुकडेही सोनेरी. किटमध्ये, म्हणजे जोडायच्या भागांच्या संचात, ते चंदेरी येतात. त्यावर क्लिअर (पारदर्शक) पिवळ्यात थेंबभर क्लिअर नारिंगी मिसळून ब्रशने फिरवा, मी पहिल्यांदा केलं तेव्हा कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो!

प्रश्न : बाबांनी डेट्रॉइटला असताना बनवलेली एएमटी कंपनीच्या किटची जुनी गाडी डब्यात मिळाली. सुटे टायर बॉडीला टेकले होते तिथे प्लास्टिक वितळल्यासारखं झालंय. काय करू? (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर : ताई, मऊ विनाइल टायरमधलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) हळूहळू पाझरतं आणि पॉलिस्टायरीनला, म्हणजे बॉडीच्या प्लास्टिकला खातं. जुन्या किटचा हा नेहमीचा आजार. एएमटी ही अमेरिकेत मिशिगनच्या ट्रॉयमधली कंपनी, आधी मोटारींच्या डीलरसाठी छोट्या गाड्या बनवायची आणि १९५८ पासून थ्री-इन-वन किट (एकाच संचातून तीन प्रकारे जोडता येणारी गाडी), त्यामुळे बाबांच्या हातची गाडी सांभाळाच. खड्डा पुट्टीने भरून घासा, आणि टायर वेगळ्या पिशवीत ठेवा, गाडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या काचेला तर मुळीच लागू देऊ नका, काच भरता येत नाही.