तेलात फुटणारे ओनिगिरी: आधी तांदूळ बदला

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय की, बासमतीच्या भातात टिनमधला टूना आणि मेयोनीज भरून जपानी धर्तीचे गोळे, म्हणजे ओनिगिरी, तळले, ते कढईत फुटले, तर कॉर्नफ्लॉर वाढवू का? मुलांच्या डब्यालाही द्यायचेत. ताई, कॉर्नफ्लॉर राहू द्या. तांदूळ बदला.

बासमतीचा भात मोकळा होतो म्हणूनच आपण त्याला जास्त पैसे मोजतो. त्यात अमायलोज हा स्टार्च जास्त, म्हणून शीत शिताला धरत नाही. जपानी तांदूळ आखूड आणि कमी अमायलोजचा, त्याचा भात नुसता दाबला तरी आकार घेतो. ओनिगिरी हे नावच मुठीत दाबणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलंय. आपला मुटकाही मुठीचाच! हे कळल्यापासून आमच्याकडे त्यांना भाताचे मुटकेच म्हणतात.

महागडा जपानी तांदूळ शोधत फिरू नका, इंद्रायणी आणा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्या संकरातून १९८७ मध्ये तयार झालेला हा वाण मुळात चिकट आहे. मी ठाण्यात जांभळी नाक्यावरून घेते आणि दुकानदाराला मुद्दाम ‘नवा द्या’ म्हणून सांगते. एरवी आपण सगळे जुना मागतो, पण इथे नवाच हवा, तो जास्त धरतो. धुऊन अर्धा तास भिजवा, निथळा, मग वाटीला सव्वा वाटी पाणी. तांदूळ थोडा जुना असेल तर दीड. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर करा. कुकरमध्ये दोनदा केला, दोन्ही वेळा खाली गिच्च झाला. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका. भातात फक्त मीठ. व्हिनेगर सुशीच्या भाताला, याला नाही.

आता मासा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा टिन मोठा आधार असतो. पण त्यातलं पाणी तसंच सारणात गेलं की गरम तेलात त्याची वाफ होते आणि मुटका फुटतो. टूना फडक्यात घट्ट पिळा, कोरड्या तव्यावर दोन-तीन मिनिटं परता, मग किसलेलं आलं, कांद्याची पात आणि चमचाभर सोया सॉस. बांगड्याचा टिन मिळाला तर तोच घ्या, चव जास्त येते आणि त्याचे काटे टिनमध्येच मऊ झालेले असतात, तेही कुस्करून टाका. मेयोनीज तळणीत नको, उष्णतेने फुटून तेल सोडतं. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत १९८३ पासून टूना-मेयोचे ओनिगिरी मिळतात, पण ते तळलेले नसतात. हवं तर वरून लावून खा.

भात कोमट असतानाच, हाताला मिठाचं पाणी लावून वळा. गोल नको, कटलेटसारखे चपटे, दोन सेंटिमीटर जाड. गोल मुटका बाहेरून लाल होतो तरी आत गारच राहतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, भात आवळून येतो. मग तांदळाचं पीठ, फेटलेलं अंडं, बारीक रवा. तेल चांगलं तापू द्या: शीत टाकलं की लगेच वर यायला हवं. एका वेळी दोनच सोडा आणि पहिलं मिनिट झारा लावूच नका. आतलं सगळं शिजलेलंच आहे, रंग आला की काढा.

खरं सांगायचं तर मला तळण्यापेक्षा लोखंडी तव्यावरचे आवडतात. थोडं तेल सोडून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत करायचे आणि अगदी शेवटी ब्रशने सोया सॉस. आधी लावला तर करपून कडू होतो.

डब्याचं मात्र ऐका. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही उरतात. भात उबेत पडून राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष नंतर तळूनही जात नाही. म्हणून ओट्यावर राहिलेल्या रात्रीच्या भाताचे मुटके करू नका, आणि आपल्या हवेत मासा भरलेले मुटके शाळेच्या डब्यातही नकोत. मुलं घरी आली की गरम करून द्या. टिनमधला उरलेला मासा काचेच्या वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. टिन फुगलेला असेल तर उघडायच्या आधीच टाकून द्या.