गाणं न शिकलेल्या माणसाला शास्त्रीय संगीताचा रेडिओ निवेदक आणि लेखक म्हणून करिअर करता येतं का?

येतं. त्यावर घर चालतं का, हा वेगळा प्रश्न. त्याकडं शेवटी येतो.

तुम्ही लातूरचे, घरात गाणं नाही, आणि कुणीतरी तुम्हाला सुनावलंय, 'आधी विशारद (गाण्याची परीक्षा) हो, मग बोल.' हे वाक्य मीही उभी हयात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

आकाशवाणीच्या मराठवाड्यातल्या एका केंद्रावर मी नैमित्तिक, म्हणजे ड्यूटीपुरता बोलावलेला निवेदक होतो. तेव्हा सगळं स्पूलवर, म्हणजे टेपच्या रिळांवर. संध्याकाळच्या प्रसारणाआधी टेपा नि क्यू शीट, म्हणजे काय कधी वाजवायचं त्याचा कागद, हातात यायची. बाकीचे चहाला जायचे, मी हेडफोन लावून टेप ऐकून घ्यायचो. एकदा डब्यावर लिहिलेलं, 'राग पूरिया'. ऐकतो तर गाणाऱ्या बाई कोमल रिषभावर येऊन थांबतायत, धैवतावर ठाण मांडतायत, षड्जाला मात्र जाम हात लावत नाहीत. पूरिया असता तर गंधार-निषाद पुढं आले असते, खाली मंद्रात जास्त रेंगाळल्या असत्या. दोन्ही रागांचे स्वर तेच, पंचम दोन्हीत नाही, पण चाल वेगळी. हा सरळसरळ मारवा होता.

आमच्यात एक सीनियर निवेदक होते, स्वतः गाणारे, रीतसर शिकलेले. त्यांना टेप ऐकवायला गेलो, तर हेडफोन हातातसुद्धा घेतला नाही. म्हणाले, "गाणं शिकला नाहीस अन् आम्हाला राग सांगायलास का? डब्यावर लिहिलंय ते वाच." ड्यूटी ऑफिसरचंही तेच, क्यू शीटमध्ये असेल ते. मी माईकवर मारवाच म्हणालो. दुसऱ्या दिवशी लेखी खुलासा द्यावा लागला, तो दिला.

मग सेलूहून एक पोस्टकार्ड आलं. रिटायर्ड मास्तर. बारीक अक्षरात लिहिलेलं, की ही टेप तुमच्याकडं कैक वर्षं पूरिया म्हणून वाजते, मी आधी दोनदा कळवलं, उत्तर नाही. यावेळी कुणीतरी टेप ऐकली म्हणायची. कार्ड सीनियरांपुढं ठेवलं. त्यांचं म्हणणं काय, तर "मास्तर कुठं शिकलेलाय? भजनात पेटी वाजवतो."

माझं मत स्पष्ट आहे : गाणं आणि गाण्याबद्दल सांगणं हे दोन धंदे आहेत. १९०२ मध्ये गायिका गौहर जाननं ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या माणसाला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं होतं. निवेदनाची सुरुवात ही अशी, कामापुरती. आपले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते ६२ नभोवाणी मंत्री होते. त्यांनी सिनेसंगीत हटवलं, लोक रेडिओ सिलोनकडं गेले, आणि १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. केसकरांना शिव्या देणारे पुष्कळ, पण रोज ठरल्या वेळी खेड्यापाड्यात ख्याल पोचला तो त्या हट्टामुळंच. सेलूच्या मास्तरांचे कान तिथंच तयार झाले, कुठल्या परीक्षेत नाही.

लिखाणाचंही तेच. शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज आमच्या अंबाजोगाईकडचा. गायक नाथराव नेरळकरांनी इथं किती शिष्य घडवले. त्यांच्यावर आपल्याकडून लिहिलं किती गेलं? मी लिहिलं, तर पुण्याच्या एका प्रकाशकानं विचारलं, "आपलं घराणं कुठलं?" म्हटलं, शेतकऱ्याचं. हस्तलिखित परत आलं. पुढं संभाजीनगरात छापून घेतलं.

आता तुमचा प्रश्न. विविध भारतीवरचा 'संगीत सरिता' कार्यक्रम रोज ऐका, राग पाच-दहा मिनिटांत कसा उलगडतात ते बघा. २०१६ पासून आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी आहे, ती लावून ठेवा. एकाच रागाची चार गायकांची रेकॉर्डिंगं ऐका आणि फरक आधी लिहून काढा, मग बोला. बातम्यांच्या वेळेला ख्याल तोडावा लागतो, तेव्हा फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरवायला शिका. तान अर्ध्यात कापणारा निवेदक मला आजही सहन होत नाही, मग तो विशारदच्या पुढची 'अलंकार' परीक्षा झालेला का असेना.

पैशाचं सांगतो. नैमित्तिकला महिन्याला मोजक्याच ड्यूट्या मिळतात, तेवढ्यात घर चालत नाही. मी शाळेत गणित शिकवायचो. पुस्तकाला दहा टक्के रॉयल्टी धरली तर ३०० च्या प्रतीमागं ३० रुपये, तेही खपली तर. तेव्हा असलेली नोकरी सोडू नका. शिवाय आठवड्यातून दोन दिवस कुणाकडं तरी गळा साफ करायला गेलात तर वाईट नाही, स्वर पक्के होतात. मी हे सांगतोय ते त्या सीनियरांना कळू देऊ नका.

आवाज चाचणीचा फॉर्म भरताना 'गाणं शिकलेलो नाही' असं आपणहून लिहू नका. मी भरला तेव्हा तरी त्यात तसा रकाना नव्हता.