लोडरचा ट्रॅक्टर पावसाळ्यात शेडला लावताय? बकेट आधी जमिनीवर टेका

राम राम मंडळी. शिरोळ भागातनं एका दादांनी विचारलंय की गळीत हंगाम संपला, मळी न शेणखत भरायचं कामपण उरकलं, आता लोडरवाला (पुढं बकेट उचलायचे हात बसवलेला) ट्रॅक्टर पावसाळाभर शेडला लावायचाय पण शेड लहान आहे, तर बकेट वर उचलून ठेवली न खाली मोटरसायकल लावली तर चालेल का.

नाही चालणार दादा, अजिबात नाही. वर उचललेली बकेट फक्त जॅकमधल्या (म्हणजे तिला उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरमधल्या) तेलावर तरलेली असते. होज पाईप फुटला, जॅकचं सील गेलं, किंवा पोरानं खेळता खेळता लिव्हर ओढला की इंजिन बंद असलं तरी ती खाली येणार, न शेडात पोरं, शेरडं, कोण कधी खाली जाऊन बसंल सांगता येत नाही. मोटरसायकल बाहेर राहू दे, तिच्यावर ताडपत्री टाका.

लावायची पद्धत अशी. सपाट घट्ट जागा बघा, बकेट पूर्ण खाली आणून तिचा तळ जमिनीला सपाट टेकवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, आणि मग (हे बरेचजण विसरतात) इंजिन बंद असतानाच लोडरचा लिव्हर पुढं मागं डावी उजवीकडं दोन-तीनदा हलवा म्हणजे पाईपातलं प्रेशर उतरतं. मग चावी काढून घरात. पन्हाळा, राधानगरीकडं उतारावर लावायची वेळ आली तर गिअरात टाका आणि मागच्या चाकाला उताराच्या बाजूनं चांगला दगड लावा, नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर नको.

ग्रीसिंगसाठी बकेट वर ठेवावीच लागली तर कंपनीचा सेफ्टी लॉक जॅकच्या दांड्यावर बसवा. विटा, ओंडके लावून खाली शिरायचं नाही. पाईप गळतोय का ते हात फिरवून तर कधीच बघू नका, पुठ्ठा धरून बघा, कारण बारीक भोकातनं येणारं तेल सुईसारखं कातडीत घुसतं, वर टिपकाच दिसतो पण आत हात सडतो, तसं झालं तर दुखायची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.

दुसऱ्या एकानं विचारलंय, लोडर काढूनच ठेवला तर? ठेवा की, जागा वाचते. पण बकेट जोडलेलीच राहू दे, स्टँड खाली करून पिना नीट बसल्यात का बघा, प्रेशर उतरवून मगच होज सोडा न तोंडाला टोप्या घाला. सोडलेला लोडर उन्हात राहिला की आतलं तेल तापून प्रेशर चढतं न नंतर होजचा कपलर (जोड) बसता बसत नाही, म्हणून सावलीत ठेवा.

पावसाळ्याचं म्हणाल तर शेण, मळी, युरिया आधी धुऊन वाळवा, नाहीतर बकेट गंजलीच म्हणून समजा. जॅकचा जो चकचकीत दांडा उघडा राहतो त्याला ग्रीस चोपडा, त्याला गंज धरला की सील फाटणार. डिझेल टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दमटपणानं पाणी धरतं. बॅटरीची मायनस वायर आधी काढा, सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला, क्लच दाबून लाकूड अडकवा म्हणजे प्लेट चिकटत नाही. शेजारी पाचटाचा ढीग नको, उंदीर वायरिंग खातात न आगीची भीती ती वेगळीच. मधेआधे चालू करायचा असेल तर लाकूड काढा, बॅटरी जोडा, शेडचं दार उघडं ठेवा, धूर आत कोंडला तर जीव जातो.

आणि दादा तुम्ही नदीकाठचे, २०१९ न २०२१ चा पूर बघितलाय तुम्ही. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, तेव्हा ३९ कडं पाणी सरकायला लागलं की ट्रॅक्टर उंचावर हलवा, बॅटरी काढलेली असली तर ती हाताशी ठेवा. चुकून पाण्यात गेलाच तर सेल मारू नका, आधी मेकॅनिककडनं इंजिन, गिअरबॉक्स न हायड्रॉलिकचं तेल तपासून घ्या, दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय.